आधी बागा, मग वाळू : जोधपूर-जैसलमेरला निघालेल्या नाशिककर जोडप्यांसाठी

जोधपूर-जैसलमेरचा बेत आखणारी जोडपी सहसा जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूपासून सुरुवात करतात. तंबू, उंट, शेकोटी, रात्रीचा नाच आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. माझं सांगणं असं की वाळू शेवटी ठेवा, सुरुवात झाडांपासून करा. तिथल्या बागा आणि उद्यानं आधी नीट पाहिली की पुढे रस्त्याकडेचं खुरटं झुडूपही ओळखीचं होतं, आणि पाच तासांचा जैसलमेरचा रस्ता झोपेत जात नाही. त्यात तिकडे जुनं मैत्र असेल, तर प्रवासाची अर्धी आखणी त्यांच्या सोयीने करा. नाशकात असे धागे पुष्कळ सापडतात. कुणाचा सातपूर-अंबडच्या कारखान्यातला सहकारी गावी परतलेला असतो, कुणाचे देवळाली कॅम्पातले शेजारी बदली होऊन जोधपूरच्या छावणीत गेलेले असतात. आमचे तिथे दोन्ही प्रकारचे आहेत.

घरच्या माळावर एक सकाळ

निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी येवल्याकडे जाऊन या. ममदापूर-राजापूरच्या संवर्धन राखीव क्षेत्रात काळविटांचे कळप आहेत, आणि त्या माळावर बोर, हिवर, नेपती अशी कमी पाण्यावर तगणारी झाडंझुडपं बघायला मिळतात. नेपतीला पानं जवळपास नसतातच, हिरव्या काड्यांचा गुंता असतो. हीच नेपती मारवाडात केर म्हणून भेटते आणि तिची फळं तुमच्या ताटात येतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जैसलमेरला साधारण दोनशे. येवला-सिन्नरचा माळ त्या वाटेवरचा मधला मुक्काम आहे. दोघांपैकी कोण किती चालतं, कुणाला किती वेळाने बसावं लागतं, तेही इथेच कळतं. एकाला झाडं बघायची आणि दुसऱ्याला नुसतं बसायचं असेल, तर ते आधीच बोलून ठेवा. परक्या गावात भर उन्हात त्यावर वाद नको.

तारीख आणि फोन

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. निफाडचा गारठा ज्याने अंगावर घेतलाय त्याला तिचा अंदाज येईल. फरक इतकाच की दुपारी ऊन चांगलं चटकतं आणि सूर्य कलला की तासाभरात स्वेटर लागतो. जैसलमेरचा मरू महोत्सव माघ पौर्णिमेच्या सुमाराला असतो. लोकसंगीताची हौस असेल तर जरूर जा, पण बागा आणि पक्षी बघायचे असतील तर ते दिवस टाळा, कारण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. मला स्वतःला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आवडतो. थंडी सरत आलेली असते आणि फलोदीजवळ हिवाळ्यासाठी उतरणारे करकोचे अजून गेलेले नसतात.

तारीख पक्की करण्याआधी मित्रांना फोन करा. इथे माणसं नेमकं उलट करतात, तिकिटं काढून मग कळवतात. हिवाळा म्हणजे तिकडे लग्नसराई. देवउठनी एकादशीनंतर मुहूर्त सुरू झाले की एकेका घरात चार-चार लग्नांची आमंत्रणं असतात, आणि तुम्ही येणार म्हटल्यावर ‘नका येऊ’ असं मारवाडातला माणूस कधीच म्हणणार नाही. म्हणून विचारायची पद्धत अशी ठेवा: “भाईसाब, फेब्रुवारीत तुमच्या घरी कार्य कधी आहे? ते सोडून आम्ही येतो.” मग ते मोकळेपणाने दिवस सांगतात. उतरायचं त्यांच्याकडे की हॉटेलात, हेही त्याच फोनवर ठरवा. घरात म्हातारी माणसं किंवा परीक्षेला बसलेली मुलं असतील तर जवळच्या हॉटेलात उतरून जेवायला घरी जाणं दोघांनाही सुखाचं.

जायचं कसं

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नाशिककरांना सरळ पडणारा मार्ग मुंबईवरून आहे. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरायचं, तिथून पश्चिम रेल्वेने वांद्रे आणि मग वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेस. लोकलचं वांद्रे स्टेशन आणि टर्मिनस वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, हे लक्षात ठेवून हातात चांगला वेळ ठेवा. मुंबई नको असेल तर सापुताऱ्यावरून बसने सुरतेला जा आणि हीच गाडी तिथे पकडा. ओझरहून विमानाने अहमदाबाद गाठून पुढे रेल्वेने जाणारेही आहेत. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा पंचवटी आणि पुढची गाडी यांचा मेळ तारखेनुसार बसवा. परतीचं तिकीट त्याच दिवशी काढा. जैसलमेरहून मुंबईकडे थेट गाड्या मोजक्या असल्याने बरेचदा जोधपूरला परत यावं लागतं.

एकूण दहा-अकरा दिवस हाताशी ठेवा, जाण्या-येण्याचे धरून. त्याहून कमी असतील तर जैसलमेर सोडा आणि जोधपूरच नीट बघा.

पिशवीत काय

हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात आणि काहींचा घोळणाही फुटतो. खोबरेल तेलाची लहान बाटली दोन्हीला पुरते. तळव्याला पकड असलेले बूट, कानावरून घेता येईल अशी शाल, डोक्याला कापडी टोपी, आणि रक्तदाब-साखरेच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. वाळूवर जाताना मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

मित्रांसाठी नाशिकचा चिवडा न्यावासा वाटणारच. घर जैन असेल तर त्यात तळलेला कांदा-लसूण आहे का, ते पुडक्यावर वाचून घ्या. आमच्या अनुभवात सगळ्यात आनंदाने घेतले जातात ते आपल्याकडचे मनुके. टिकतात, वजनाला सुटसुटीत असतात आणि कुठल्याही घरात चालतात. ताजी द्राक्षं न्यायची तर घट्ट घडांची, पेटीत कागद घालून, आणि उतरल्याबरोबर देऊन टाकायची.

जोधपूर : सकाळी बागा, दुपारी माणसं

पहिल्या दिवशी काही ठरवू नका. रात्रभर गाडीत अंग आखडलेलं असतं. संध्याकाळी मेहरानगडाच्या पायथ्याची चोकेलाव बाग बघा. राजघराण्याची ही जुनी बाग मेहरानगडाच्या विश्वस्त संस्थेने पुन्हा उभी केली आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारी बाग, त्यात चांदण्यात उठून दिसावीत अशी पांढरी आणि वासाची फुलं, आणि मान वर केली की गडाची भिंत. सूर्य मावळताना तिथे असलात की भिंतीचा रंग डोळ्यांदेखत बदलतो.

दुसऱ्या दिवशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क. या लेखातलं एकच ठिकाण बघता येणार असेल तर हे बघा. गडाला लागून सुमारे ७० हेक्टरचा खडकाळ पट्टा आहे. तिथे वेडी बाभूळ इतकी माजली होती की मूळची झाडं दिसेनाशी झाली होती. ही परदेशातून आणलेली बाभूळ आपल्याकडेही धरणांच्या काठी आणि पडीक रानात बघायला मिळते. चित्रपट दिग्दर्शक म्हणून सुरुवात करून पुढे झाडांचे अभ्यासक झालेले प्रदीप क्रिशेन यांच्या मार्गदर्शनाखाली इथे २००६ मध्ये काम सुरू झालं. बाभूळ वरून तोडली तर पुन्हा फुटते, तिचा बुंधा मुळासकट काढावा लागतो, आणि इथे तर मुळं कातळात शिरलेली. हे काम जमवलं खांडवालियांनी, म्हणजे पिढ्यान्पिढ्या जोधपूरचा दगड फोडणाऱ्या लोकांनी. ते हातोडीने खडकावर ठोकून आवाज ऐकायचे आणि कुठे फटी आहेत, कुठे छिन्नी चालेल ते ओळखायचे. बुंधा काढून झालेल्या खड्ड्यांत मग मारवाडातली मूळची झाडं लावली गेली. २०११ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं.

शहराच्या जुन्या तटातल्या सिंघोरिया पोळ या दरवाजात उद्यानाचं स्वागतकेंद्र आहे. तिथे आधी अर्धा तास घालवा, झाडांची माहिती मांडलेली आहे ती वाचा, आणि माहितगार सोबत मिळत असेल तर घ्या. सकाळी लवकर पोहोचा. आत रंगांच्या खुणांनी दाखवलेल्या वेगवेगळ्या पायवाटा आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर सपाट आणि छोटी वाट कोणती, ते आधी विचारा. काही ठिकाणी खडक उतरताना हात टेकावा लागतो.

आत गेल्यावर तीन गोष्टींपाशी थांबाच. एक म्हणजे थोर. खडकाच्या फटीतून थेट वर आलेले, बोटाएवढ्या जाडीचे काटेरी दांडे, एकेका झुडपात शेकड्यांनी. बुडाशी माती शोधायला जाल तर चिमूटभर सापडते. त्याच्या चिकाला हात लावू नका, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. दुसरा खडक. हा रायोलाइट, सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीतून आलेला, लालसर-तपकिरी. आपला सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. पांडवलेणीचा दगड हाताखालून गेलेल्या माणसाने इथे तळवा टेकून बघावा. पोत आणि कडा अगदी निराळ्या लागतात. तिसरी गोष्ट म्हणजे कातळात खोदून काढलेला जुना पाट. पावसाचं पाणी वळवून तलावाकडे नेण्यासाठी माणसांनी तो हाताने खोदला. त्याच्या तळाशी उतरलं की सावली आणि गारवा मिळतो, आणि या गावाने पाण्यासाठी किती कष्ट उपसले ते पायांनाच कळतं.

बाहेर पडल्यावर जवळच जसवंत थडा आहे, १८९९ चा, पांढऱ्या संगमरवराचा. दमला नसाल तर जा.

तिसऱ्या सकाळी मंडोर. शहरापासून नऊ किलोमीटरवर, जोधपूर वसण्याआधीची मारवाडची राजधानी. आता इथे मोठी सार्वजनिक बाग आहे आणि तिच्यात राठोड राजांची लाल दगडातली स्मारकं आहेत, देवळांसारखी शिखरं असलेली. शाळांच्या सहली, घरचा डबा घेऊन आलेली कुटुंबं, झाडाखाली पेंगणारे आजोबा असं सगळं चालू असतं. वानरं भरपूर आहेत, हातात खाऊ ठेवू नका.

एक दुपार खेजडलीसाठी काढा. जोधपूरपासून साधारण २६ किलोमीटर. १७३० मध्ये राजाच्या बांधकामाला चुन्याच्या भट्टीसाठी लाकूड हवं होतं म्हणून शिपाई झाडं तोडायला आले, तेव्हा अमृतादेवी आणि बिश्नोई समाजातली माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. ३६३ जणांनी प्राण दिले. ती झाडं खेजडीची, म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो त्या शमीची. आपल्याकडे शमी एखाद्या देवळाच्या आवारात असते, इथे ती शेताशेतात उभी दिसते. तिचा पाला गुरांना, शेंगा माणसांना, आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते. आम्ही दोघं तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होतो. हे ठिकाण सहलीचं नाही, ते बघायला जाताना मन त्या तयारीचं असावं.

बिश्नोई गावांच्या सहलींत पाहुण्यांपुढे अफूच्या पाण्याचा विधी करून दाखवतात. हात जोडून नकार द्या. कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि कायद्यानेही त्यापासून लांब राहिलेलंच बरं.

मित्राच्या घरी

त्यांच्यासाठी एक अख्खी दुपार आणि संध्याकाळ मोकळी ठेवा, त्या दिवशी दुसरं काही बघायचं नाही. वयाने मोठ्यांना वाकून नमस्कार, मग ‘खम्मा घणी’. जुन्या वळणाच्या घरात बायका आतल्या बाजूला बसतात. मला आत नेलं तर मी आनंदाने जाते, कारण खरा स्वयंपाक आणि खऱ्या गप्पा तिथेच चालतात. केर-सांगरीची भाजी कशी करायची ते मी अशाच एका स्वयंपाकघरात बसून शिकले. वाळवलेले केर आणि सांगरी रात्रभर भिजत घालायचे, सकाळी पाणी बदलून उकडायचे, आणि मग तेलात हिंग, तिखट, आमचूर घालून परतायचे. सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या शेंगा. सकाळी झाड बघितलेलं असलं की भाजीचा घास वेगळा लागतो.

बाजरीचा सोगरा आपल्या भाकरीपेक्षा जाड असतो, त्यावर तूप ओततात. इथेच मनुहार सुरू होते. यजमान स्वतः घास हातात घेऊन आग्रह करतात, आणि पहिला नकार कुणी धरतच नाही. म्हणून सुरुवातीला थोडंच वाढून घ्या, म्हणजे आग्रहाच्या दोन फेऱ्यांना जागा राहते. पोट भरल्यावर ताटावर हात आडवा धरायचा, तो त्यांना कळतो. पाणी मात्र मागून घ्या तेवढंच. अर्धा पेला टाकून दिलेला जुन्या माणसांना खुपतो. ज्यांनी लहानपणी टाक्यातलं पाणी मोजून वापरलंय त्यांच्या घरात आपण आंघोळही एका बादलीत आटपावी.

ते गाडी देतो म्हणतील, मुलाला बरोबर पाठवतो म्हणतील. एखादी गोष्ट स्वीकारा, बाकीची प्रेमाने परतवा. सगळीच नाकारली तर मन दुखावतं.

फलोदीत एक रात्र

जोधपूरहून जैसलमेरला एका दमात जाऊ नका. वाटेत फलोदीला मुक्काम करा आणि भल्या पहाटे पाच किलोमीटरवरच्या खीचन गावात जा. हिवाळ्यात मध्य आशिया आणि मंगोलियाकडून आलेले करकोचे, तिकडचे कुरजां, इथे हजारोंनी उतरतात. गावकरी त्यांच्यासाठी कुंपण घातलेल्या आवारात रोज धान्य टाकतात. आधी लांबून नुसता आवाज येतो, मग आकाशात ओळी दिसतात, आणि बघता बघता आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. आजूबाजूच्या गच्च्यांवरून छान दिसतं. घरमालकांना विचारूनच वर जा. भडक कपडे आणि मोठा आवाज नको. आपल्या नांदूर मधमेश्वरला रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, खीचनचं २०२५ मध्ये. नांदूरला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनी तीच दुर्बीण इथे आणावी.

जैसलमेर

किल्ल्याबद्दल सगळेच लिहितात, तो तुम्ही बघालच. सकाळी गडीसर तलाव, नंतर उत्तरेला बडा बागेतल्या छत्र्या. ही नावाला मोठी बाग असली तरी हिरवाई बांधाच्या खालच्या बाजूला आहे, वर सगळा पिवळा दगड. दुपारी कुलधरा. पालीवाल ब्राह्मण एकोणिसाव्या शतकात हे गाव सोडून गेले. भुताखेतांच्या गोष्टी सांगणारे खूप भेटतील. त्यापेक्षा गाइडला जवळपासचं खडीन दाखवायला सांगा. उताराच्या तळाशी मातीचा लांब बांध घालून वरच्या खडकाळ जमिनीवरून वाहत आलेलं पावसाचं पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि त्या ओलीवर रब्बीला गहू-हरभरा घ्यायचा. दोनशे मिलिमीटर पावसात गहू! बागलाणातली पाटाचं पाणी वाटून घेण्याची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना या शहाणपणाची किंमत लगेच कळेल.

बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटरवर आकल जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं, त्याचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडलेले आहेत, वरून जाळ्या लावून जपलेले. घाईत असाल तर इथे येऊ नका, नुसते दगड दिसतील. वेळ असेल तर उकिडवे बसून एकेका बुंध्यावरच्या लाकडाच्या रेघा बघा.

मरू राष्ट्रीय उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. माळढोकाचं हे शेवटचं मोठं आश्रयस्थान. सोलापूरजवळच्या नान्नजला आपण ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तोच हा पक्षी. आता देशात जेमतेम दीडशेच्या घरात उरलेत आणि विजेच्या तारांना धडकून अजूनही मरतात. ‘माळढोक नक्की दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर त्याची गाडी घेऊ नका. चिंकारा, गिधाडं आणि गवताचा विस्तीर्ण माळ दिसेल, त्यासाठी सकाळ द्या. प्रवेशाची परवानगी आणि वेळा आदल्या दिवशी वनखात्याकडे विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा.

आता वाळू. समला गर्दी आणि ध्वनिवर्धक असतात, म्हणून आम्ही खुरीला जातो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेलून खोगीर घट्ट धरा. बसतानाही तो आधी पुढचे पाय दुमडतो, पुन्हा मागे रेला. पाठ किंवा कंबर दुखत असेल तर उंटगाडी सांगा, तीही मिळते. वाळूच्या टेकडीवर चढताना दोन गोष्टी बघा: फोगची झुडपं कशी मुळांनी वाळू धरून ठेवतात, आणि सकाळी कवळ्या उन्हात भुंगेऱ्यांच्या पायांची नक्षी. आठवडाभर झाडं बघून आल्यावर या वाळूत काहीच नाही, असं वाटतच नाही.

निघताना

परत जोधपूरवरूनच जायचं असेल तर मित्रांना स्टेशनवर बोलावू नका, ते डबा करून आणतातच. त्याऐवजी त्यांना नाशिकला यायचं आमंत्रण त्यांच्या घरीच, महिना सांगून द्या. वाळवंटातल्या माणसांना पाऊस दाखवायचा तर जुलैचा शेवट उत्तम: इगतपुरीचे धबधबे, अंजनेरी, भरलेला गंगापूर डॅम. त्र्यंबकला श्रावणी सोमवार टाळा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तेव्हा त्यांना पर्वणीच हवी असेल तर राहण्याची सोय आत्तापासून तुमच्याच घरी धरून ठेवा, आणि नुसता पाऊसच बघायचा असेल तर त्याच्या आदल्या किंवा पुढच्या वर्षी बोलवा.